तापभेदाचा व्यवहार : प्रस्तावना

मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या जवळजवळ कोणत्याही दुकानात आज काहीशे रुपयांस मिळणारी, चार सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि चार मिलिमीटरांहूनही कमी जाडीची जी पांढरी सिरॅमिक पट्टिका असते, आणि जिच्या एका कडेतून एक तांबडी व एक काळी अशा दोन तारा बाहेर आलेल्या असतात, ती नुसती हातात घेऊन पाहणाऱ्यास तिच्या अंगी काही विशेष सामर्थ्य असेल अशी शंकाही येत नाही. परंतु त्या तारांतून एका दिशेचा प्रवाह सोडला की तिचे एक पृष्ठ थंड होऊ लागते व दुसरे तापू लागते. तारांची अदलाबदल केली की थंड पृष्ठ तापते व तापलेले थंड होते. आणि प्रवाह मुळीच न देता एक पृष्ठ तापवले व दुसरे थंड ठेवले, तर तीच पट्टिका स्वतःहून वीज देऊ लागते. यात कोठे चाक फिरत नाही, दट्ट्या हलत नाही, वायू दाबला जात नाही, आणि कान लावूनही आवाज ऐकू येत नाही. या पट्टिकेस व्यवहारात पेल्टियर मॉड्यूल म्हणतात. प्रस्तुत ग्रंथ तिच्याविषयी, आणि ती ज्या निसर्गनियमावर उभी आहे त्या तापविद्युत् परिणामाविषयी आहे.

या विषयासंबंधी आपल्याकडील जिज्ञासू मंडळींत दोन परस्परविरुद्ध मते आढळतात. काहींना वाटते की कॉम्प्रेसरवाचून चालणारे शीतकपाट आणि उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या छपरातून फुकट मिळणारी वीज ही दोन्ही आता हाताशी आलेली आहेत, केवळ कोणी मनावर घेत नाही. दुसरे काही जण, शाळेच्या विज्ञानप्रदर्शनात थर्मोकोलच्या खोक्यात बसवलेली ही पट्टिका पाणी कोमट ठेवण्यापलीकडे काही करीत नाही हे पाहून, हे सारे खेळणे आहे असा निर्णय देऊन मोकळे होतात. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच उणीव आहे, आणि ती हिशेबाची आहे. ही पट्टिका उष्णतेवर जगत नाही, उष्णतेतील भेदावर जगते. आणि हा भेद राखण्याचे काम ती स्वतः करीत नसून तिच्या दोन्ही बाजूंस आपण जी व्यवस्था लावतो ती व्यवस्था करीत असते. जो केवळ पट्टिकेकडे पाहतो त्याची निराशा होते. जो तिच्या दोन पृष्ठांकडे पाहतो त्याला तिचे खरे मोल कळते. हे मत वाचकांच्या मनात रुजावे या एकाच हेतूने ही प्रस्तावना थोडी विस्ताराने लिहीत आहे.

विषयाचा आरंभ १८२१ साली बर्लिन येथे झाला. त्याच्या आदल्याच वर्षी डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी विद्युत्प्रवाहाने होकायंत्राची सुई वळते हे दाखवून सगळ्या युरोपातील प्रयोगशाळांना नवे काम लावून दिले होते. थॉमस योहान झेबेक यांनी बिस्मथ आणि तांबे या दोन धातूंच्या पट्ट्यांचे वेटोळे केले, एक सांधा तापवला, आणि जवळ ठेवलेली सुई हलली. झेबेक यांनी याचा अर्थ असा लावला की तापभेदामुळे धातूंत चुंबकत्व उत्पन्न होते. पृथ्वीचे चुंबकत्वही ध्रुव आणि विषुववृत्त यांच्यातील तापभेदातून आले असावे, असाही तर्क त्यांनी केला. वेटोळ्यात प्रत्यक्षात विद्युत्प्रवाह वाहत असून सुई त्या प्रवाहाने हलते, हे ओर्स्टेड यांनी ओळखले. पण झेबेक आपल्या मताला अखेरपर्यंत चिकटून राहिले. त्यांचा निष्कर्ष चुकला असला तरी त्यांचे परिश्रम वाया गेले नाहीत. धातू, मिश्रधातू आणि खनिजे यांच्या कित्येक नमुन्यांची तापवून परीक्षा करून त्यांनी त्यांची जी क्रमवारी लावली, तिच्यातील योग्य पदार्थांची जोडी घेतली असती तर त्या काळच्या वाफेच्या यंत्रांच्या तोडीस उतरेल असे जनित्र तेव्हाच बांधता आले असते, असे पुढे शंभरांहून अधिक वर्षांनी रशियन शास्त्रज्ञ अब्राम योफे यांनी दाखवून दिले. विज्ञानाच्या इतिहासात संधी समोर येऊन निघून गेल्याची जी उदाहरणे आहेत, त्यांत मला हे सर्वांत चुटपुट लावणारे वाटते.

याच परिणामाची दुसरी बाजू पॅरिसमध्ये १८३४ साली उजेडात आली. झाँ शार्ल पेल्टियर हे व्यवसायाने घड्याळजी. तिशीच्या सुमारास धंदा सोडून ते शास्त्राच्या अभ्यासाकडे वळले. दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून प्रवाह जाऊ दिला असता सांध्याचे तापमान कधी अपेक्षेहून वाढते, तर कधी उलट कमी होते, हे त्यांनी नोंदवले. पण त्या नोंदीचा संपूर्ण अर्थ त्यांच्या हाती लागला नव्हता. तो अर्थ स्वच्छ करून दाखवला तो सेंट पीटर्सबर्ग येथील एमिल लेन्झ यांनी, १८३८ साली. बिस्मथ व अँटिमनी यांच्या सांध्यावर त्यांनी खळगा करून पाण्याचा एक थेंब ठेवला आणि प्रवाह सोडला, थेंब गोठला. प्रवाहाची दिशा उलटवली, बर्फ वितळले. एका थेंबाच्या साक्षीने संपूर्ण विवादाचा निकाल लावणारा इतका नेटका प्रयोग पदार्थविज्ञानाच्या दफ्तरात क्वचितच सापडेल, आणि आमच्या शाळांतून तो आजही सहज करून दाखवता येण्यासारखा असताना बहुतेक विद्यार्थ्यांच्या तो कानावरही पडलेला नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यानंतर १८५०च्या दशकात विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी उष्मागतिकीच्या आधाराने झेबेक व पेल्टियर यांचे परिणाम ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत हे सिद्ध केले, आणि या विषयाला प्रथमच भक्कम पाया मिळाला.

या परिणामाने एक मोठे काम त्याआधीच केले होते. विद्युत्प्रवाह आणि रोध यांचा संबंध सांगणारा ओहम यांचा नियम प्रत्येक विद्यार्थी तोंडपाठ म्हणतो. पण तो नियम शोधून काढताना ओहम यांना स्थिर दाबाचा जो उगम हवा होता तो त्या काळच्या रासायनिक घटांपासून मिळत नव्हता. तेव्हा त्यांनी बिस्मथ व तांबे यांचे थर्मोकपल, म्हणजे झेबेक यांच्यासारखे दोन सांध्यांचे वेटोळे, घेतले, एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला, आणि अशा रीतीने मिळालेल्या अचल विद्युद्दाबावर आपली मोजमापे केली. भेद स्थिर राहिला की वीज स्थिर राहते, हे तत्त्व इतक्या आरंभीच उपयोगात आले होते.

यापुढील पाऊणशे वर्षे मात्र व्यवहाराच्या दृष्टीने जवळजवळ कोरडी गेली, कारण हाताशी होते ते धातू, आणि धातूंत हा परिणाम फार दुबळा. १९०९ ते १९११ या काळात जर्मनीत आल्टेनकिर्ख यांनी चांगल्या तापविद्युत् पदार्थाची लक्षणे गणिताने ठरवून दिली: तापभेदाच्या प्रत्येक अंशामागे त्यात अधिक विद्युद्दाब निर्माण झाला पाहिजे, वीज त्यातून सहज वाहिली पाहिजे, आणि उष्णता मात्र त्यातून सहज वाहता कामा नये. या तीन अटी एकत्र आणणे किती अवघड आहे याची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगतो की धातूंत वीज व उष्णता या दोहोंचे वहन मुख्यतः तेच इलेक्ट्रॉन करतात, आणि म्हणून ज्यात वीज सुखाने वाहते त्यातून उष्णताही सुखाने वाहते; दोन्ही वहनांतील हा मेळ व्हीडेमान आणि फ्रांझ यांनी १८५३ सालीच दाखवून दिला होता. एका अटीची पूर्तता केली की दुसरी हटकून मोडते.

या पेचातून वाट काढली ती अर्धसंवाहकांनी, आणि त्या वाटेवर सर्वांत पुढे होते ते लेनिनग्राडचे योफे. म्युनिकमध्ये राँटगेन यांच्या हाताखाली शिकलेल्या या शास्त्रज्ञाने अर्धसंवाहकांना तापविद्युतेच्या कामी लावण्याचा आग्रह इतरांनी लक्ष देण्याच्या पुष्कळ आधी धरला. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पिछाडीस जंगलांतून लढणाऱ्या तुकड्यांसाठी तळाशी तापविद्युत् घटक बसवलेले भांडे तयार करण्यात आले; भांड्यात पाणी, खाली शेकोटी, आणि त्या दोहोंच्या भेदातून बिनतारी यंत्रापुरती वीज. पाणी उकळत असले तरी शंभर अंशांपलीकडे जात नाही, म्हणजे एक बाजू आपोआप आवरली जाते. या साध्या योजनेत जी सूक्ष्म बुद्धी आहे ती वाचकाने सावकाश पाहण्यासारखी आहे. युद्धानंतर रॉकेलच्या दिव्याच्या काचेभोवती असेच घटक वर्तुळाकार मांडून, बाहेरच्या अंगास धातूच्या पात्या लावून, वीज न पोहोचलेल्या रशियन खेड्यांतील रेडिओ चालवण्यात आले. १९५०च्या अखेरीस राजकीय कारणांनी योफे यांना त्यांनीच स्थापन केलेल्या संस्थेच्या संचालकपदावरून दूर करण्यात आले. त्यानंतरही त्यांनी अर्धसंवाहकांची स्वतंत्र प्रयोगशाळा उभारून काम चालू ठेवले, आणि त्याच काळात या विषयावरचा त्यांचा मूलभूत ग्रंथ सिद्ध झाला. इकडे इंग्लंडमध्ये १९५४ साली गोल्डस्मिड आणि डग्लस यांनी बिस्मथ टेल्युराइड या संयुगाच्या सांध्याने पाणी गोठण्याच्या बिंदूखाली तापमान नेऊन दाखवले. बाजारातील पट्टिका आजही त्याच संयुगाची आहे.

आता त्या पट्टिकेच्या अंतरंगाकडे वळू. सर्वांत प्रचारात असलेल्या नमुन्यावर टीईसी१-१२७०६ असा शिक्का असतो. त्यातील १२७ हा आकडा जोड्यांचा व अखेरचा ०६ हा प्रवाहाच्या कमाल अँपिअरांचा. प्रत्येक जोडीत बिस्मथ टेल्युराइडचे दोन चिमुकले स्तंभ असतात. एकात सिलेनियम मिसळून ऋण भारवाहकांचे आधिक्य आणलेले असते, दुसऱ्यात अँटिमनी मिसळून धन भारवाहकांचे. असे २५४ स्तंभ तांब्याच्या लहान पट्ट्यांनी वर-खाली डाख देऊन एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळे वीज सर्वांतून ओळीने जाते; उष्णतेला मात्र ते सगळे समांतर मार्ग असतात. इलेक्ट्रॉन तांब्यातून ऋण स्तंभात शिरताना त्याला अधिक ऊर्जेच्या पातळीवर चढावे लागते, आणि ती ऊर्जा तो भोवतालच्या स्फटिकातून उष्णतेच्या रूपाने घेतो. स्तंभ ओलांडून पुन्हा तांब्यात उतरताना तो ती तेथे सोडतो. धन स्तंभात विद्युत्प्रवाह उलट्या दिशेने जातो, पण तेथील धन भारवाहक उष्णता त्याच बाजूला वाहून नेतात. थंडी निर्माण होत नाही. उष्णता एका पृष्ठावरून उचलून दुसऱ्यावर ठेवली जाते, एवढेच.

हे उचलणे फुकट होत नाही. प्रवाह जाताना स्तंभांच्या रोधामुळे स्वतःची उष्णता उत्पन्न होते व तिचा निम्मा भाग थंड पृष्ठाकडे परततो. शिवाय तापलेल्या पृष्ठाकडून थंड पृष्ठाकडे स्तंभांतूनच उष्णता सारखी झिरपत असते. भोके पडलेल्या मोटेने खोल विहिरीतून पाणी काढण्यासारखा हा प्रकार आहे: विहीर जितकी खोल, म्हणजे दोन पृष्ठांतील तापभेद जितका मोठा, तितके वाटेत गळून जाणारे पाणी अधिक, आणि एका ठराविक खोलीस पोहोचल्यावर मोट कितीही ओढली तरी वर काहीच येत नाही. ही खोली साधारण साठ ते सत्तर अंशांची आहे. पेल्टियर परिणाम प्रवाहाच्या प्रमाणात वाढतो, रोधाची उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. तेव्हा प्रवाह वाढवीत गेल्यास एक क्षण असा येतो की त्यापुढे प्रवाह वाढवल्याने थंडी वाढण्याऐवजी घटते. थंडी कमी पडते म्हणून अधिक व्होल्ट लावणारा मनुष्य नेमका याच ठिकाणी फसतो.

एक ठोस हिशेब मांडतो. समजा, पेटीत बाहेरून दर सेकंदास २० जूल, म्हणजे २० वॉट, उष्णता शिरते आणि ती बाहेर काढावयाची आहे. पट्टिका त्यासाठी ४० वॉट वीज घेते असे धरू. तापलेल्या पृष्ठास मग पेटीतील २० आणि विजेचे ४० मिळून ६० वॉटांची विल्हेवाट लावावी लागेल. तेथे लावलेली हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) साधी असून दर वॉटामागे अर्धा अंश चढत असेल, तर ते पृष्ठ खोलीपेक्षा ३० अंशांनी वर जाईल. खोली ३५ अंशांवर असेल तर ६५. या भाराखाली पट्टिका ४० अंशांचा भेद राखू शकते असे मानले, तर थंड पृष्ठ २५ अंशांवर राहील, आणि इतका खटाटोप करून पाणी माठातल्या पाण्याहून फारसे निराळे होणार नाही. आता पट्टिका तीच, वीज तीच, पण हीटसिंक मोठी, पंखा चांगला, आणि चढण दर वॉटास एक दशांश अंश. तापलेले पृष्ठ ४१ वर थांबते आणि थंड पृष्ठ १ अंशावर येते. या दोन निकालांत जे २४ अंशांचे अंतर पडले त्यात पट्टिकेचा काडीचाही वाटा नाही. प्रदर्शनांतील खोकी का फसतात याचे उत्तर या एका परिच्छेदात आहे, आणि शिक्षकबंधूंनी तो फळ्यावर मांडून दाखवावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

याच हिशेबाने दुसरीही गोष्ट कळते. २० वॉट उष्णता काढण्यास ४० वॉट वीज, म्हणजे एकास अर्धा. घरातील कॉम्प्रेसरचे शीतकपाट एका वॉट विजेत दोन-तीन वॉट उष्णता सहज बाहेर टाकते. शिवाय वीज गेली की कॉम्प्रेसर नुसता थांबतो, पण पट्टिका थांबून राहत नाही. तिचेच स्तंभ बाहेरची उष्णता आत आणणारा पूल होतात. आरोग्यसेविका खांद्याला लावून नेतात त्या लसवाहक पेटीत गोठवलेल्या पाण्याच्या चार पुड्या जे काम मुकाट्याने करतात, ते काम पट्टिकेकडे सोपवण्याची तजवीज काही उत्साही लोक सुचवतात. बॅटरीचा खात्रीचा पुरवठा नसेल तेथे ती सूचना नामंजूर करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

मग पट्टिकेची जागा कोठे? जेथे उष्णता थोडी, जागा लहान आणि तापमान तंतोतंत हवे तेथे. प्रकाशतंतूंतून दूरसंदेश नेणाऱ्या लेझरची तरंगलांबी एका अंशाच्या फरकाने सुमारे एक दशांश नॅनोमीटर सरकते, आणि एकाच तंतूतून शेजारी शेजारी अनेक तरंग धावत असताना एवढे सरकणे चालत नाही. म्हणून त्या लेझरखाली नखाहून लहान पट्टिका बसवलेली असते व ती क्षणोक्षणी उष्णता देत-घेत तापमान स्थिर ठेवते. करोनाच्या साथीत आरटी-पीसीआर हे नाव घरोघरी पोहोचले. त्या यंत्रांत नमुना सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवून पुन्हा साठीच्या आसपास आणावा लागतो, आणि असे चाळीसएक फेरे व्हावे लागतात. प्रवाहाची दिशा उलटवताच तापवणारे पृष्ठ थंड करणारे व्हावे, हा लेन्झ यांच्या थेंबाचा गुण तेथे शब्दशः कामास आला. आकाशनिरीक्षणाच्या कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राहक, अवरक्त किरण टिपणारी उपकरणे, यांचीही हीच कथा. अशा ठिकाणी कार्यक्षमतेचा आकडा कोणी विचारीत नाही, कारण तेथे दुसरा उमेदवारच नसतो.

आपल्या प्रदेशापुरती एक सूचना येथे करणे अवश्य आहे, कारण परदेशी पुस्तकांत तिच्यावर पुरेसा भर नसतो. पावसाळ्यात मुंबई व कोकणात हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो; म्हणजे पट्टिकेचे पृष्ठ त्याखाली गेले की त्यावर पाणी धरणारच. ते पाणी कडेने आत शिरले की डाख आणि तांबे खाऊ लागते. कडा सिलिकोनने बंद केलेल्या पट्टिकाच घ्याव्यात, आणि थंड बाजू बाहेरच्या हवेपासून नीट झाकावी. तसेच पट्टिका दाब उत्तम सोसते पण बाजूने पडलेला ताण सोसत नाही. स्क्रू एका बाजूने एकदम आवळल्यास आतील स्तंभ तडकतात. आणि थर्मोस्टॅटने ती सारखी चालू-बंद करण्यापेक्षा प्रवाह मंद-तीव्र करीत ठेवणे चांगले, कारण प्रत्येक तापण्या-निवण्याबरोबर डाखांवर ताण येतो.

वीजनिर्मितीचा विचार करताना हाच हिशेब उलट वाचावा. पट्टिकेतून जाणाऱ्या उष्णतेपैकी विजेत रूपांतर होते ते फार थोड्या भागाचे. दोन बाजूंत दोनशे अंशांचा भेद असला तर चांगल्या जनित्र-पट्टिकेत साधारण वीसांश. म्हणजे ५ वॉट वीज हवी तर १०० वॉट उष्णता आत आली पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे उरलेली ९५ वॉट थंड बाजूने निघून गेली पाहिजे. ती निघाली नाही तर भेद मावळतो आणि वीजही मावळते. उन्हात तापलेला पत्रा ६५ अंशांवर व हवा ३५ वर असली तरी त्या ३० अंशांपैकी बहुतेक भेद पत्रा व पट्टिका, पट्टिका व हवा यांच्या सांध्यांतच खर्ची पडतो. तेवढ्याच जागेवर टाकलेले सौरपॅनेल कितीतरी पटींनी अधिक देते. साखर कारखान्यांच्या धुराड्यांविषयीही असाच उत्साह व्यक्त केला जातो. परंतु जेथे बॉयलर आणि टर्बाइन यांचा मोठा कारभार आधीच उभा आहे, तेथे उष्णतेचा पहिला हक्क वाफेचाच राहणार.

चुलीची गोष्ट वेगळी आहे. घाटमाथ्यावरील वाड्यांत लाकडावर चालणाऱ्या चुलीचा धूर कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे तिच्यात लहान पंख्याने हवा फुंकणे. त्या पंख्यास लागते ती एक-दोन वॉट वीज, आणि तीही नेमकी चूल पेटलेली असतानाच. चुलीच्या अंगास लावलेल्या पट्टिकेतून ती वीज मिळते, पंख्याचीच हवा पट्टिकेची थंड बाजू थंड ठेवते, आणि चूल विझली की गरजही संपते. पुरवठा आणि मागणी यांचा मेळ इतका अचूक बसणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही, आणि स्वयंपाकघरातील धुराने ज्या बायांचे डोळे व छाती वर्षानुवर्षे झिजली आहे त्यांच्याकडे पाहता या एका उपयोगासाठीही हा विषय मराठीत शिकवला जाणे योग्य ठरेल. काही नव्या गॅस शेगड्यांत ज्वाळा विझताच गॅस बंद करणारी जी सोय असते तिच्यातही हाच परिणाम राबतो: ज्योतीत ठेवलेल्या थर्मोकपलमधून मिळणारी अत्यल्प वीज एक झडप उघडी धरून ठेवते, आणि ज्योत गेली की झडप मिटते.

या विद्येचा परमोत्कर्ष पाहावयाचा तर पृथ्वी सोडावी लागते. सूर्यापासून दूर जाणाऱ्या यानास सौरपॅनेल निरुपयोगी; तेथे प्लुटोनियम-२३८ या किरणोत्सर्गी पदार्थाच्या क्षयातून निघणारी उष्णता एका बाजूस आणि अवकाशाची शीतलता दुसऱ्या बाजूस ठेवून मध्ये सिलिकॉन-जर्मेनियमचे घटक बसवतात. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांपैकी प्रत्येकावर अशी तीन जनित्रे आहेत. उड्डाणाच्या वेळी प्रत्येकात सुमारे २४०० वॉट उष्णता होती आणि तिन्ही मिळून सुमारे ४७० वॉट वीज देत होती. प्लुटोनियमचा अर्धायुष्यकाल ८७.७ वर्षे असल्याने, आणि घटकही हळूहळू जीर्ण होत असल्याने, ही वीज दर वर्षी सुमारे चार वॉटांनी कमी होत आली आहे. तरीही २४०० कोटी किलोमीटरांपलीकडून व्हॉयेजर-१ चा क्षीण संदेश येत राहिला. इतकी वर्षे, एकही फिरता भाग नसल्यामुळे, वंगण नाही, दुरुस्ती नाही, देखरेख नाही. मंगळावर २०१२ साली उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीतही याच जातीचे, सुमारे ११० वॉटांचे जनित्र आहे.

त्याच जातीच्या एका जनित्राशी आपल्या देशाचाही संबंध आला, आणि तो सुखावह नाही. १९६४ च्या ऑक्टोबरात चीनने अणुस्फोट केल्यावर, त्याच्या क्षेपणास्त्र चाचण्यांचे संदेश टिपण्यासाठी अमेरिकन व भारतीय गुप्तचर खात्यांनी संयुक्तपणे नंदादेवीच्या ७८१६ मीटर उंच शिखरावर अशा जनित्रावर चालणारे उपकरण बसवण्याचा घाट घातला. १९६५ साली हवामान बिघडल्याने ते वाटेतच बांधून ठेवून पथकास खाली यावे लागले. पुढच्या वर्षी परत जाऊन पाहतात तो ते नाहीसे झालेले. १९७८ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत या प्रकरणाची कबुली दिली. ते जनित्र आजवर सापडलेले नाही, आणि ज्या ऋषिगंगेच्या उगमक्षेत्रात ते हरवले तिचे पाणी पुढे गंगेस मिळते. देखरेखीवाचून दशकानुदशके चालणे हा ज्या यंत्राचा गुण, ते यंत्र देखरेखीबाहेर गेले तर तोच गुण लोकांच्या डोक्यावर टांगता राहतो. अशी साधने नेण्याची मुभा कोणी कोणास द्यावी, याची फेरतपासणी लोकांसमोर व्हावयास हवी होती असे मला वाटते.

उरला पदार्थांचा प्रश्न. आल्टेनकिर्ख यांच्या तीन अटी व तापमान यांची सांगड घालून जो एक गुणांक काढतात, तो बिस्मथ टेल्युराइडच्या बाबतीत एकच्या आसपास येऊन जवळजवळ चाळीस वर्षे तेथेच अडकून राहिला. कॉम्प्रेसरशी बरोबरी करावयाची तर तो तीन-चारवर जावा लागेल. १९९० नंतर मात्र हा बांध फुटला. मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस आणि हिक्स यांनी १९९३ मध्ये अतिसूक्ष्म स्तरांत हा गुणांक वाढू शकतो असे गणित मांडले. त्यानंतर, इलेक्ट्रॉनांस वाट मोकळी ठेवून स्फटिकाची कंपने मात्र अडतील अशी रचना घडवण्याच्या नाना युक्त्या निघाल्या. २०१४ मध्ये टिन सेलेनाइडच्या स्फटिकात २.६ हा आकडा मिळाला, पण साडेसहाशे अंश सेल्सिअसच्या घरात. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात कनिष्क बिस्वास यांच्या गटाने २०२१ मध्ये रुपे, अँटिमनी व टेल्युरियम यांच्या संयुगात कॅडमियम मिसळून तसाच आकडा सुमारे तीनशे अंशांवर मिळवला. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही तापविद्युत् पदार्थ व जनित्रे यांवर दीर्घकाळ काम चालू आहे. प्रयोगशाळेतील एका स्फटिकाचा गुणांक आणि हजारो डाखांनी जोडलेल्या पट्टिकेची कामगिरी यांत मोठे अंतर असते, हे ध्यानात ठेवूनही या वार्तांचे स्वागत केले पाहिजे. टेल्युरियमची अडचण मात्र राहते: भूकवचात तो सोन्याइतकाच दुर्मिळ असून मुख्यतः तांब्याच्या शुद्धीकरणातील गाळातून मिळतो, त्यामुळे त्याचा पुरवठा तांब्याच्या व्यापारावर अवलंबून आहे.

ग्रंथाच्या मांडणीविषयी दोन शब्द. पहिली दोन प्रकरणे उष्णतेच्या वहनावर, हीटसिंकवर आणि दोन पृष्ठे एकमेकांस नीट भिडवण्याच्या कलेवर आहेत. पट्टिकेची रचना तिसऱ्यात येते, थंडीचा हिशेब चौथ्यात, विजेचा पाचव्यात, आणि सहावे केवळ चुलीच्या जनित्रास दिले आहे. उत्साही वाचकास ही मांडणी उलटी वाटेल, पण तिच्यात बदल करण्यास मी राजी झालो नाही. पहिल्या दोन प्रकरणांतील प्रयोगांस पट्टिका लागतच नाही. दोन तापमापक, एक मल्टिमीटर, ॲल्युमिनियमची हीटसिंक, लहान पंखा आणि पातेलेभर उकळते पाणी एवढ्या साहित्यावर ते घरी किंवा शाळेत करता येतात.